कच्च्या रंगाचा ब्रेड

मी ब्रेड कापायची एक जुनी दातेरी सुरी आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी शांतपणे बोलावं असं म्हणतात. मला आज ते जमणार नाही. माझ्या डोक्यात राग आहे आणि तो काढल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

एका लोहाराने मला घडवलं. लांब पातं, करवतीसारखे दाते, लाकडी मूठ. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घरी आणलं. त्यांचे यजमान पोस्टमन. मुलं शाळेला आणि पोस्टमन टपालाला निघायच्या आत मी अख्खा ब्रेड कापून द्यायचे. "हिने कापलं की चुरा पडत नाही," बाई सगळ्यांना सांगायच्या. पुढे मुलं आपापल्या संसाराला लागली, बाजारात कापलेला ब्रेड मिळू लागला आणि मी खणात रबरबँड नि सुकलेल्या पेनांखाली जाऊन पडले. नऊ वर्षं मला कोणी विचारलं नाही. माझा राग त्याचा नाही.

पोस्टमनांना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, मैदा बंद, पांढरा ब्रेड बंद. इकडे ब्रेडशिवाय या माणसाचा दिवस उजाडायचा नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत नवा 'ब्राऊन ब्रेड' आला होता. न कापलेला, पिशवीवर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र. बाईंनी तो आणला आणि मला खणातून काढून घासूनपुसून घेतलं.

मी त्या ब्रेडमध्ये शिरले आणि तिथेच ओळखलं. गव्हाचा कोंडा दात्यांना खरखर लागतो. हा तर लोण्यासारखा कापला गेला. मैदाच होता तो, तांबूस रंग दिलेला. पण मी काय करणार? सुरीला दात असतात, जीभ नसते.

चार महिने मी तो ब्रेड कापला. रक्तातली साखर काही उतरेना. बाईंना वाटलं, नवरा चोरून गोड खातो. त्यांनी यजमानांचे खिसे उलटे करून पाहिले, शेजारणीकडे चौकशी केली. एकदा ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांची पत्रं न उघडता पोचवलीत, आणि घरात खोटं बोलता?"

"मी काही खाल्लं नाही गं," पोस्टमन म्हणाले.

"मग साखर काय आभाळातून पडते?"

त्या दिवसापासून दोघं एका टेबलाशी बसून दोन दिशांना बघत जेवायचे. मग पोस्टमनांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि करंगळी काढावी लागली. सगळा दोष ब्रेडचा नव्हता, हे मलाही कळतं. पण त्या सरळ माणसावर चोरीचा आळ आला तो या ब्रेडमुळेच.

एका सकाळी पोस्टमनांच्या हातून ब्रेडचा तुकडा पाण्याच्या पेल्यात पडला. बाई तो काढायला गेल्या आणि थबकल्या. पाणी तांबूस झालं होतं. जन्मभर कापड हाताळलेल्या बाईला कच्चा रंग कोणी दाखवावा लागत नाही. त्यांनी भिंग आणलं आणि पिशवीची मागची बाजू वाचली. मुंगीएवढ्या अक्षरांत पहिलंच नाव होतं मैदा. मग साखर. कणकेचं नाव शेवटून दुसरं, रंगाच्या आधी.

"माझं चुकलं हो," बाई एवढंच म्हणाल्या. पोस्टमनांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग बाईंनी मला नॅपकिनमध्ये गुंडाळलं आणि उरलेला ब्रेड घेऊन थेट बेकरी गाठली. ऐन गर्दीची वेळ होती. नॅपकिन सोडताच बेकरीवाला मला बघून दोन पावलं मागे सरला. बाईंनी काउंटरवरच ब्रेडचा काप काढला आणि पाण्याच्या ग्लासात बुडवला. सगळी गिऱ्हाइकं बघत राहिली.

"मावशी, ब्राऊन म्हणजे रंग," बेकरीवाला म्हणाला. "गव्हाचा आहे असं आम्ही कुठे लिहिलंय?"

"मग लोंब्या कशाला काढल्यास?"

"डिझाइन आहे ते."

"माझ्या माणसाचं बोट गेलं," बाई म्हणाल्या, "आणि तू मला डिझाइन सांगतोस."

एका गिऱ्हाइकाने हातातली पिशवी उलटी केली. मग दुसऱ्याने.

त्यानंतर बाईंनी दुकानं पालथी घातली. एक ब्रेड निव्वळ कणकेचा मिळाला, पण इतका कोरडा की पोस्टमन म्हणाले, "यापेक्षा पाकीट चावतो." दुसरा चवीला छान होता, पण यादीत साखर वरच बसलेली. बाई हटल्या नाहीत. बेचव ब्रेड माणूस आठ दिवस खातो आणि पुन्हा पांढऱ्याकडे वळतो, हे त्या जाणून होत्या. चौथा ब्रेड मी कापला तेव्हा दात्यांना ओळखीची खरखर लागली. अख्ख्या गव्हाचं पीठ, पाणी, जवस, मीठ, खमीर. यादी दोन ओळींत संपली. बाईंनी पातळ काप तव्यावर कोरडे शेकले. पोस्टमनांनी डोळे मिटून एक खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याकडे हात गेला तसा बाईंनी डबा उचलला, आणि कित्येक महिन्यांनी दोघं हसले.

माझा राग मात्र गेलेला नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत तो ब्रेड अजून विकला जातो. पिशवीवरच्या लोंब्या गेल्या, आता तिथे हिरवं पान आहे.

मित्रांनो, आजोबांसाठी ब्रेड आणायला गेलात तर चित्राला भुलू नका. पिशवी उलटी करा. पहिलं नाव कोणतं आहे ते दुकानातच वाचा, आणि मोठ्याने वाचा. दुकानदाराला ऐकू गेलं पाहिजे.