हितूचं गाऱ्हाणं

टी-शर्टच्या पाठीवरची अक्षरं वितळू नयेत म्हणून हितेंद्रने त्यांच्यावर रुमाल पसरला आणि इस्त्री जपून फिरवली. काळा टी-शर्ट, पाठीवर पिवळ्या रंगात क्लॅनचं, म्हणजे मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळणाऱ्या त्यांच्या टोळीचं नाव, 'बारा वेशी', आणि त्याखाली हितेंद्रचं खेळातलं नाव, 'म्हाराज'. लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत खाटेवर चादर दुमडून टाकली की तेच इस्त्रीचं टेबल. रुमाल उचलून त्याने अक्षरं पाहिली. शाबूत होती.

पडद्याआडून, स्वयंपाकघरातून, त्याच्या आईचा, मालनबाईंचा आवाज आला.

"लगनाक जातंस काय रे, की खेळूक?"

"फायनल आहे गं आई. दादरला हॉल घेतलाय. मोठ्ठा पडदा लावलाय, लोक बसून बघणार."

"असांदे. जिंका नायतर हरा, येताना सगळ्यांका घेऊन ये. वड्यांचा पीठ मळतंय मी."

तेवढ्यात फोन वाजला. दीपक. फणसवाडीचा दीपक म्हणजे 'बारा वेशी'चा कॅप्टन.

"हित्या, निघालास काय?"

"हा काय, शर्ट घालतोय. का रे?"

"नको निघूस."

हितेंद्रने इस्त्री उभी केली. पलीकडून हॉलमधला गलका ऐकू येत होता. कुणीतरी माइकवर 'हॅलो, चेक, चेक' करत होतं.

"ऐक ना. टीम चौघांचीच असते. ठाण्याची ती अनुजा आहे ना, तिला घेतलीय आज. तिचा नेम तू बघितलायस. फायनल आहे यार, आज नेमच लागतो."

"हे कधी ठरलं?"

"ठरलं मधेच. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तर क्लॅनचा आत्मा आहेस, सगळ्यांना माहितीय."

आत्मा! आत्म्याला बसायला खुर्ची लागत नाही, असा काहीतरी हिशेब असावा.

"मनूला माहीत होतं?"

"तो म्हणाला, हितू समजून घेईल."

"आणि गाऱ्हाणं?"

"त्याचं बघतो आम्ही. टेन्शन नको घेऊस." एवढं बोलून त्याने फोन ठेवलाही.

मनू ह्याच चाळीतला, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाचा. दोघं एकाच बाकावर शिकले, एकाच नळावर भांडले. आज सकाळी तो बॅग खांद्याला लावून दारात आला होता. "हित्या, तुझा हेडफोन दे रे. माझा एक कान गेलाय." हितेंद्रने विचारलं, "मग मी काय घालू?" तर मनू चपलेकडे बघत म्हणाला होता, "तिकडे मिळतात." आणि मालनबाईंच्या हातचा चहा पिऊन, बशी स्वतः मोरीत ठेवून, 'ये मागून' म्हणत जिना उतरला होता. ये मागून! हितेंद्रला ते आठवलं आणि कानशिलं तापली. नाही म्हणायला तोंड होतं ना त्याला? दारात उभं राहून सांगितलं असतं, तर हितेंद्रने शिव्या घातल्या असत्या, आणि हेडफोनही दिला असता.

आता खरं सांगायचं तर हितेंद्रचा नेम म्हणजे नुसती बोंब. समोर शत्रू उभा असला तरी हा भिंतीला गोळ्या घालणार. पण 'बारा वेशी'त त्याला मान होता आणि तो काही फुकटचा नव्हता. गोळीबारातून रांगत जाऊन पडलेल्या गड्याला उठवणारा हाच. स्वतःच्या वाटणीची औषधाची पेटी दुसऱ्याकडे फेकणारा हाच. नवीन पोरगं चुकलं आणि बाकीचे त्याची आयमाय काढायला लागले, की 'ए, शिकतंय ते, तुम्ही काय पोटातून शिकून आलात?' म्हणून मधे पडणाराही हाच. लोक खेळ शिकून दुसऱ्या क्लॅनमध्ये जात, आणि चार दिवसांत परत येत. म्हणत, तिकडे जिंकतात, पण कुणी बोलत नाही.

आणि गाऱ्हाणं! त्याची सुरुवात मस्करीत झाली. खेळात विमानातून उडी मारायच्या आधी सगळे उगाच ताटकळत असतात. अशाच एका संध्याकाळी हितेंद्रने माइकवर, गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतात तसं, ठणठणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा..." मनू आणि दीपक हसत हसत "व्हय म्हाराजा!" ओरडले आणि त्या दिवशी चक्क जिंकले. झालं! तेव्हापासून गाऱ्हाण्याशिवाय उडी मारायची कुणाची टाप नव्हती. क्लॅन वाढला, चिपळूणपासून दुबईपर्यंत पोरं आली, नावही त्या गाऱ्हाण्यातूनच निघालं.

पण हितेंद्र पाठ केलेलं म्हणत नसे. गावात जशी ज्याची त्याची अडचण देवाच्या कानावर घालतात, तशी तो घालायचा. चिपळूणच्या रघुची म्हैस अडली होती, तिचं बाळंतपण त्याने गाऱ्हाण्यात घेतलं होतं. वरळीच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरमध्ये गेलेला सम्यक पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "माझ्यासाठी देवाला काही मागू नकोस हां. आमच्यात नाही ते." मग त्याच्या परीक्षेच्या वेळी हितेंद्रने देवाला बाजूला ठेवून नुसतं "सम्यकच्या मेहनतीचं चीज होऊ दे" म्हटलं, आणि सम्यकने पुढचा म्हाराजा गाळून सगळ्यांत मोठ्याने "व्हय!" ठोकलं. हे सगळं लक्षात ठेवायचे हितेंद्रला कष्ट पडत नसत. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासताना डोक्यात तेच असायचं, की आज कुणाचं घालायचं.

मालनबाई आधी करवादायच्या. "बंदुकी मारूच्या आधी देवाक कित्याक त्रास देतास रे मेल्यांनो?" पण गाऱ्हाणं कानावर आलं की पडद्याआडून त्यांचंही "व्हय म्हाराजा" यायचंच. हुंकार दिला नाही तर गाऱ्हाणं देवाकडे पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं, हेही त्यांचंच. हितेंद्रला वाटायचं, बाईला सवय आहे, तोंडातून आपोआप निघतं.

"गेलंस नाय?" त्यांनी आतून विचारलं.

"घरूनच खेळायचं ठरलं." तो खोटंच बोलला आणि इस्त्रीची वायर काढली.

"बरा झाला. उन्हाचा खंय जातंस!"

त्याने टी-शर्टची घडी घालून खाटेवर ठेवली आणि खिडकीत फोन उभा केला. हॉलमधला कार्यक्रम फोनवर थेट दिसत होता. बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण हात कुठे ऐकतो? रंगमंचावर चौघे बसले होते. दीपक, सम्यक, अनुजा आणि मनू. मनूच्या डोक्यावर हितेंद्रचा हेडफोन होता. डाव्या कानाची गादी फाटली होती, तिला मालनबाईंनी जुन्या चोळीच्या खणाचा तुकडा शिवला होता. तो जांभळा खण पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होता.

हितेंद्रला रडू आलं नाही, संताप आला. हरू देत, असं त्याला मनापासून वाटलं. सपाटून हरू देत. आणि बघूच आता गाऱ्हाण्याशिवाय कशी उडी मारतात! त्यांचे हात थबकतील, एकमेकांची तोंडं बघतील, तेव्हा कळेल. तो खिडकीपाशी स्टूल ओढून बसला, आणि खरं तर त्याच एका क्षणाची वाट बघू लागला.

निवेदकाने 'बारा वेशी'चं नाव पुकारलं. दीपक उठला. त्याने खिशातून आपला फोन काढला आणि माइकला लावला.

"बा देवा म्हाराजा!"

हितेंद्र दचकला. आवाज त्याचाच होता. कधीतरी खेळताना दीपकने रेकॉर्ड करून ठेवलेला.

"व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला.

"व्हय म्हाराजा!" पडद्याआडून मालनबाई. त्यांना काय ठाऊक? पोरगा खिडकीत बसून नेहमीसारखा बोलतोय, एवढंच त्यांना कळत होतं.

"बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा! आज ही जी काय पोरां जमली हत, तेंच्यार तुजी नजर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, फोन उंच करून टिपून घेत होते. म्हणजे गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाण्याचा म्हाराज तेवढा नको होता. हितेंद्रने ओठ घट्ट मिटून घेतले. आणि मग पुढची ओळ आली.

"मनूच्या आवशीक, कांताकाकीक, दुखण्यातून उठव, तिका आपल्या पायान घराक येवंदे रे म्हाराजा!"

हितेंद्र स्टुलावरून उठलाच. हे गाऱ्हाणं थंडीतलं होतं. तेव्हा कांताकाकी परळला हॉस्पिटलात होती आणि तो रोज तिचं नाव घेत होता. चैत्रात ती गेली. तिला खांदा देऊन आल्यावर मनू ह्याच खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता, आणि तिचे दिवस होईपर्यंत हितेंद्रनेच क्लॅनला खेळू दिलं नव्हतं.

कॅमेरा नेमका मनूवर होता. हितेंद्रने स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं. आता हेडफोन काढेल. आता उठेल. निदान मान खाली घालेल.

मनूने मूठ वर केली. हसला. आणि बाकीच्यांच्या सुरात सूर मिळवून, तोंड भरून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

दीपकही ओरडला. सम्यकही. एकाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. मनूच्या आईला उठवायचं गाऱ्हाणं, आणि मनूलाच ते ऐकू आलं नव्हतं. मग रघुची म्हैस? सम्यकचं चीज? एवढ्या संध्याकाळी ज्याचं त्याचं दुखणं आठवून आठवून जे बोललो, ते कुणाच्या कानात गेलं होतं? आज टीममधून काढलं, ते परवडलं. हे आजचं नव्हतंच. हे पहिल्यापासून असंच होतं, आणि त्याला आज कळत होतं.

मग त्याच्या ध्यानात आलं, की पडद्याआडून ह्या वेळी हुंकार आला नव्हता.

पडदा सरला. मालनबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"काय बोल्लस तू? कांताक उठव?"

हितेंद्रने फोन खाटेवर पालथा टाकला.

"रे मेल्या, कांता गेली ना! तुयाच खांदो दिलंस तिका. ध्यान खंय तुजा?"

तो मी नव्हतो, असं त्याला सांगता आलं असतं. फोन उलटा करून दाखवला असता तरी पुरलं असतं.

"चुकलं गं," तो म्हणाला.

"चुकला म्हणान भागात? असल्या गाऱ्हाण्याक मी व्हय म्हणूची नाय. परत घाल. नीट घाल."

आणि त्या तिथेच, पिठाचे हात जोडून उभ्या राहिल्या. हितेंद्रलाही हात जोडावे लागले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"व्हय म्हाराजा."

"कांताकाकी जंय आसात, थंय तिका सुखात ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या झिलाक..." हितेंद्र थांबला. "तिच्या झिलाक..."

मनूसाठी मागवेना. पालथ्या फोनमधून हॉलचा आरडाओरडा येत होता. उडी पडली असावी. मालनबाईंनी त्या फोनकडे पाहिलं. मग घडी घातलेल्या टी-शर्टकडे, मग पोराच्या तोंडाकडे.

"ऱ्हवांदे त्याचा," त्या म्हणाल्या. "तुजा घाल."

"माझं? घालणाऱ्याने स्वतःचं मागायचं नसतं, तूच म्हणतेस ना."

"आज माग."

त्याने पुन्हा हात जोडले, तोंड उघडलं. इतक्या जणांचं इतकं काही मागितलेल्या माणसाला स्वतःसाठी एक शब्द सुचेना. तो तसाच उभा राहिला. आईच्या बोटांवरचं पीठ सुकत चाललं होतं, पण तिने हात सोडले नाहीत.

शेवटी तीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."