फोटोत न दिसलेली चीर

चाकणच्या एका कारखान्यात वर्षाली तपासणीच्या कामावर होती. पंपाचं ओतीव कास्टिंग सरकत्या पट्ट्यावरून आलं की कॅमेरा त्याचा फोटो काढायचा, आणि फोटोत चीर दिसली की तो नग रिजेक्ट. पण वरचा दिवा जुना, उजेड मिणमिणता. अशा उजेडात कॅमेऱ्याला ताण पडतो आणि फोटोभर ठिपके उठतात, रवा सांडल्यासारखे. कॅमेरावाले त्याला नॉइज म्हणतात. त्या ठिपक्यांनाच चिरा समजून यंत्र चांगला मालही बाजूला काढायचं.

खरा उपाय सरळ होता, उजेड वाढवायचा. पण नवा दिवा मागवायचा म्हणजे चार साहेबांच्या सह्या, आणि सह्यांसाठी हेलपाटे. वर्षालीनं सॉफ्टवेअरमधली ठिपके पुसायची सोय पार टोकापर्यंत चढवली. फोटो असे गुळगुळीत आले, की लग्नाच्या अल्बममधली नवरीच! साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. कौतुक कुणाला नको असतं?

पंधरा दिवसांनी खंडूकाका एक कास्टिंग घेऊन तिच्या टेबलाशी आले. मूळचे चऱ्होलीचे, बावीस वर्षं कंत्राटावर याच कामात. एका जागी नख टेकवून म्हणाले, "ताई, हितं क्रॅक हाय बघा. केसाएवढा."

वर्षालीनं फोटो काढला. पडद्यावर काहीच नव्हतं.

"नाहीये हो, काका."

"हाय की. मला दिसतोय."

ठिपके पुसताना बारीक चीरही पुसली जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक बटण दाबलं असतं तर मूळ फोटो समोर आला असता. पण साहेब शेजारीच उभे होते, आणि टाळ्या अजून ताज्या होत्या. "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, काका," ती हसून म्हणाली. साहेबही हसले. काकांनी ते कास्टिंग उलटसुलट करून पाहिलं आणि गुमान परत पट्ट्यावर ठेवलं.

महिन्याभरात काका कामावर यायचे थांबले. घरची अडचण असेल म्हणून तिनं चौकशीही केली नाही.

पाच महिन्यांनी ग्राहकाकडून गळके पंप परत आले. वर्षालीनं मूळ फोटो उघडले. चीर होती, काकांनी नख टेकवलं होतं तिथंच. तिनं साहेबांना सगळं खरं सांगितलं. दिवा दोन दिवसांत आला. रविवारी ती चऱ्होलीला गेली.

दारात काकांची बायको, सोजरबाई, भेटली. "डोळं गेलं म्हनत्यात. डागदर म्हनला ठणठणीत हायेत, पन ऐकतंय कोन? गाडीला सुदीक हात लावत न्हाईत."

आत काका म्हणाले, "फोटोत न्हाई म्हनल्यावर मलाच भास व्हत असनार. माझ्या हातनं खराब माल पुढं गेला, तर कुनाच्या जिवावर बेतायचं. म्हनून मीच काम सोडलं, ताई. कुनी काढलं न्हाई."

वर्षालीला शरमेनं मान वर करवेना. तशीच तिनं चीर खरी होती हे सांगितलं, पुसलेल्या फोटोचं सांगितलं.

"तवाच ठावं व्हतं तुमाला?"

"हो, काका."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

"पाच म्हयनं झालं, रोज सकाळी उठून त्या क्यालिंडरातलं बारीक आकडं वाचून बगतोय," ते म्हणाले. "समदं दिसतंय, ताई. पन इस्वास बसंना."