हात सोड, ताई

दोघे साडू बॅडमिंटनला समोरासमोर उभे राहिले की खेळ कमी आणि तोंडाचा पट्टाच जास्त चाले. थोरले भाऊजी तर सर्व्हिस करण्याआधी भाषण ठोकत. हॉल सांभाळणारी धाकटी बहीण काउंटरवरून ऐकत गालातल्या गालात हसायची. तिची ताई, म्हणजे भाऊजींची बायको, बाकावर बसून दोघांनाही खेळ शिकवायची. तिने स्वतः कधी रॅकेट हातात धरली नव्हती, पण तेवढ्यावरून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हे.

त्या सकाळी भाऊजी बोलता बोलता थांबले आणि धाडकन आडवे झाले. धाकट्या साडूला आधी वाटलं, नाटक चाललंय. धाकटी मात्र धावली. हाका मारल्या, खांदे हलवले, काही नाही. श्वास म्हणावा तर घशात नुसती घरघर. अँब्युलन्सला फोन कर आणि भिंतीवरची हृदयाला शॉक द्यायची पेटी आण, असं नवऱ्याला सांगून ती छाती दाबायला लागली.

पेटी उघडताच आतून एक शांत बाई बोलू लागली. धाकटीने भाऊजींचा शर्ट वर सारला, छातीवरचा घाम टॉवेलने खसाखसा पुसून पेटीतली एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या बरगड्यांवर चिकटवली.

"रुग्णाला हात लावू नका. हृदयाची लय तपासत आहे."

धाकटीने हात उचलले. ताई मात्र नवऱ्याचा हात धरून, अहो, उठा ना, म्हणत त्यांना गदागदा हलवत होती. पेटी म्हणाली की हालचाल जाणवते आहे, आणि अडून बसली. धाकटीने आजवर शाळेपासून नवऱ्यापर्यंत सगळं ताईच्याच पसंतीने घेतलं होतं.

"हात सोड, ताई."

ताईने निमूट सोडला. पेटीला हवं ते दिसलं: हृदय ठोके देत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. बटण लुकलुकलं. कोणी शिवत नाही ना, हे बघून धाकटीने ते दाबलं. भाऊजींचं अंग उसळलं. ती लगेच पुन्हा छाती दाबू लागली.

थोड्या वेळाने पेटीने परत तपासलं. "शॉकची गरज नाही."

ताई मटकन खाली बसली. "म्हणजे संपलं?"

धाकटीला हॉलच्या प्रशिक्षणात शिकवलेलं आठवत होतं. शॉक फक्त थरथरीवर चालतो. ठोके नीट पडू लागले तरी पेटी नको म्हणते, आणि हृदय पार थांबलं तरी नकोच म्हणते. यातलं कुठलं, ते ती सांगत नाही. धाकटी छाती दाबत राहिली. दंड भरून आले. आणि मग भाऊजी कण्हले, त्यांनी तिचा हात चक्क ढकलला.

संध्याकाळी दवाखान्यात, तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी झाल्यावर, त्यांनी पहिली तक्रार बरगड्यांची केली. कुणी एवढं बदडलं म्हणे! धाकटी हसत बाहेर आली आणि तिथेच तिला रडू फुटलं. ताईने बाकावर जागा करून तिचं डोकं मांडीवर घेतलं. नर्स धाकटीला बाकावरून उठवायला आली, तर ताईने तिला नजरेनेच परत पाठवलं.