दातांतला चाबूक

सोनुनने गुडघ्यांवर बसून धाकट्या भावाच्या मांडीला शिंप्याची टेप लावली, मग नडगीला, मग त्याला ताठ उभं करून खांद्यापासून मुठीपर्यंत हाताला.

"एजे, कोट शिवतेस की काय?" मेडेर म्हणाला. थोरल्या बहिणीला तो एजे म्हणे.

"मांड्या लांब, हात आखूड. तुला बेतताना देवाचं लक्ष कुठे होतं कोण जाणे."

"बरं, मग उचल कुठली?"

तलास गावातल्या तिच्या तळघरातल्या जिममध्ये येणारा प्रत्येक जण तिला हेच विचारी. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहायचं, पण त्याच्या तऱ्हा अनेक. कुणाला पाय फाकवून, कुणाला जवळ ठेवून, कुणाला गुडघे जवळजवळ ताठ ठेवून. सोनुन आधी दोन गोष्टी पाही: अंग कसं आहे, आणि उचलायचंय काय. बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर एकच निघे. मेडेरच्या बाबतीत ते निघत नव्हतं.

त्याला उचलायचा होता बोकड. नोरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला कोक-बोरूचा सामना, आणि त्यात धावत्या घोड्यावरून उजवीकडे लोंबकळून, एका हाताने, जमिनीवरचा मुंडकं छाटलेला बोकड खोगिरावर ओढायचा. आणि अंग असं, की मागच्या शरदात खेळताना दुसऱ्याचा घोडा येऊन आदळला तेव्हापासून कमरेची चकती सरकलेली, डावा पाय थंडीत बधिर. आणखी एक हिसका बसला तर हा पाय गेलाच समजा, असं बिश्केकच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मेडेरने मान डोलावली, आणि गावी परतल्यावर ओमुरबेकच्या घरी जेवणाच्या पंगतीत सगळ्या संघासमोर सांगून टाकलं, "नोरूझला मी खेळणार." ओमुरबेक संघाचा म्होरक्या. त्याच्यासमोर दिलेला शब्द माघारी घेणारा माणूस अजून त्या गावात निपजला नव्हता.

"करून दाखव," सोनुन म्हणाली आणि एक हलकी सळी त्याच्या उजव्या अंगाला ठेवली.

त्याने कमरेचा चाबूक काढला, दातांत धरला आणि वाकला.

"तोंडातलं ते आधी काढ. इथे कुठे घोडा आहे?"

"सवय गं," चाबूक हातात घेत तो हसला. "बोकड धरायचा तर हात मोकळा हवा. हातात चाबूक ठेवून कुणी उचलतं का? खाली वाकायचं म्हटलं की आपोआप दातांत जातो."

त्याने सळी उचलली. अंगाला पीळ पडताच डाव्या पायाचा चवडा आत वळला. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. सोनुनने मात्र पाहिलं.

बोकडासाठी हीच उचल लागणार होती, एका हाताची, पीळ देणारी. ती कशी शिकवायची हे तिच्याइतकं त्या गावात कुणाला कळत नव्हतं. तिने सळी भिंतीला टेकवली आणि कोपऱ्यातली लोखंडी षट्कोनी चौकट ओढून आणली. तिच्या मधोमध उभं राहायचं, धरायच्या मुठी दोन्ही बाजूंना, गुडघ्यांजवळ. पाठ सरळ राहते.

"ही तुझी उचल."

त्याने ती सहज उचलली, ठेवली आणि चौकटीच्या मुठींकडे पाहत राहिला.

"एजे, बोकड जमिनीवर असतो."

"आधी पाठ, मग जमीन," ती म्हणाली आणि वजनाच्या प्लेटा आणायला वळली. खोटं बोलताना तिचे कान लाल होत, आणि हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

हिवाळाभर तो येत राहिला. वजन वाढत गेलं, चेहऱ्यावर रंग आला. सोनुनचा हिशेब साधा होता. नोरूझच्या आधी ओमुरबेक प्रत्येक स्वाराची परीक्षा घेई, आणि ज्याला बोकड उचलता येत नसे त्याला सरळ घरी पाठवी. मेडेरचा हात कमी पडेल, चारचौघांत मान खाली जाईल, पण पाय राहील. एकदा तो बायकोने तळलेले बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, घेऊन आला. "ती म्हणते, तुझ्या एजेने तुला माणसात आणलं." सोनुनने बोर्सोक न खाताच बाजूला ठेवले. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिने चौकटच पुढे केली.

परीक्षेच्या सकाळी नदीकाठचं मैदान अर्धं चिखल, अर्धं बर्फ होतं. अख्खं गाव एका बाजूला उभं, सगळ्यांत पुढे ओमुरबेक. पहिल्या स्वाराने खाली लोंबकळून बोकडाला हिसका दिला, त्याचं अंग पिळवटलं, आणि सोनुनला एकदम आपल्या हिशेबातली चूक दिसली. मेडेर हट्टी होता. हात कमी पडला म्हणून तो सोडून देईल, हे तिने कशावरून धरलं? त्याने जीव खाऊन ओढलं तर? अंगाला पीळ सोसायला तर तिनेच शिकवलं नव्हतं.

ती धावतच त्याच्या घोड्याजवळ गेली. "मेडेर, जाऊ दे. आजारी आहे म्हणून सांग."

"सगळ्यांदेखत?" त्याने लगाम आवळला. "तू इथे नको थांबूस. बोकडाच्या पलीकडे जाऊन उभी राहा. तिथून नीट दिसेल."

"तिकडे तर कुणीच नाही."

"जा ना, एजे."

ती गेली. चिखलात एकटीच उभी राहिली. घोडा गावाच्या आणि तिच्या मधून भरधाव आला, मेडेर तिच्या बाजूला, उजवीकडे, खोल झुकला. गावकऱ्यांना घोड्याचं पोट आणि मेडेरचा डावा पाय तेवढा दिसत होता. तिला त्याचा चेहरा दिसला. ओठ मिटलेले होते. दातांत काही नव्हतं. चाबूक उजव्या मुठीत होता, घट्ट, आणि ती मिटलेली मूठ बोकडाच्या केसांवरून नुसती घासून पुढे गेली.

पलीकडे गाव हळहळलं. मेडेर सावकाश घोडा वळवून ओमुरबेकपुढे आला. सोनुनही पोचली.

"बोकड जागचा हललासुद्धा नाही रे," ओमुरबेक म्हणाला. "हिवाळाभर केलंस काय?"

"एजेने सांगितलं ते केलं, आबा." मेडेर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तिने भलतीच उचल शिकवली."

लोक तिच्याकडे वळले. उद्यापासून निम्मे जण जिमची पायरी उतरणार नाहीत, हे तिला तिथेच दिसलं. मेडेर मात्र तिच्याकडे पाहत नव्हता. तो बोटांनी घोड्याची आयाळ विंचरत होता.

"काय गं सोनुन? खरं का हे?"

"हो आबा," ती म्हणाली. "चूक माझीच."

तिचे कान या वेळी लाल झाले की नाही, तिला कळलं नाही. मेडेर खाली उतरला, आधी उजवा पाय, मग जपून डावा, आणि दोन्ही पायांवर नीट उभा राहिला.

"धर," म्हणत त्याने चाबूक तिच्या हातात दिला, आणि घोडा घेऊन घराकडे चालू लागला.