कागदाआडची काच

जरा थांबा की. तिकडे कुठं बघताय? इकडे, दारात. मी या दारातली काच बोलतेय. दचकू नका. इतकी वर्षं गप्प राहिले, आता दोन शब्द बोलले म्हणून काही तडकत नाही मी.

आम्हा काचांचं नशीबच असलं. लोक आमच्यातून बघतात, आमच्याकडे कुणी बघत नाही. बघितलंच तर डाग पडलाय म्हणून, नाहीतर स्वतःचे केस सारखे करायला.

मी वाळूची लेक. भट्टीतून निघाले ती एका घड्याळवाल्या आजोबांच्या दुकानात आले. दर्शनी कपाटाला बसवली होती मला. मागे टिकटिक, पुढे रस्ता. पोरं नाक चेपून घड्याळं बघायची आणि आजोबा आतून ओरडायचे, "अरे नाक काढ ते! पुसून पुसून माझं मनगट गेलं!" पण पुसायचे मात्र मायेनं. पुढं त्यांची नजर गेली, दुकान गेलं, आणि मी गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकून बसले. अंधारात वर्ष काय आणि दिवस काय.

आजोबा एका सेवामंडळाचे जुने सभासद. मंडळ म्हणजे कोण, तर दुकानदार, निवृत्त मास्तर, एक डॉक्टर, एक नर्सबाई. दिवसभर आपापला धंदा सांभाळायचा आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या पोरांसाठी खपायचं. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घराला कुलूप, अशी पोरं मंडळाच्या इमारतीत यायची. कुणी कॅरम खेळायचं, कुणी चित्रं काढायचं, कुणी बुद्धिबळ शिकायचं.

तिथल्या खोल्यांच्या दारांना काचा बसवायच्या असं नर्सबाईंनी मंडळाच्या गळी उतरवलं, आणि आजोबांनी मला देऊन टाकलं. सुतार दाराला भोक पाडत होता तेव्हा अध्यक्षसाहेब कमरेवर हात ठेवून उभे.

"नर्सबाई, चांगल्या दाराचा खेळखंडोबा केलात. आपल्याच माणसांवर असा संशय?"

"माणसांवर नाही हो साहेब, बंद दारावर. एकटं पोर आणि एकटा मोठा माणूस आत असला की बाहेरून दिसलं पाहिजे. मग आत मी असेन नाहीतर तुम्ही."

"मी? मला तर कॅरमसुद्धा येत नाही!"

सुतार हसला. नर्सबाईंनी त्याला बोटानं खूण केली. "अजून खाली घे रे. बसलेलं पोर दिसायला हवं. साहेबांचं टक्कल बघायला नाही बसवत आपण काच."

झालं, बसले मी बुद्धिबळाच्या खोलीच्या दारात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं आत एक नजर टाकायची, असं ठरलं होतं, आणि टाकायचेही. चहावाली मावशी किटली घेऊन जाताना वाकायची. मास्तर चष्मा वर करून बघायचे. तेवढे दिवस माझे सुखाचे.

बुद्धिबळाचे सर गोड बोलणारे. एक छदाम न घेता शिकवायचे. सगळ्यांच्या मर्जीतले. त्यांच्याकडे एक मुलगी यायची, तिला सगळे मुंगी म्हणायचे. मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेनं चालायची म्हणून. तिची आई कपडे शिवायच्या कारखान्यात, सुटायला उशीर. मुंगीचं डोकं मात्र घोड्यासारखं अडीच घरं पुढं पळायचं. स्पर्धेसाठी तिला जास्तीचा सराव हवा, असं सर म्हणाले. आई हात जोडून म्हणाली, "सर, तुमचे उपकार कसे फेडू?"

त्याच सुमारास मंडळानं पोस्टर छापलं. वर मोठ्या अक्षरात 'मुलांचं ऐका', खाली एका हसऱ्या पोराचं चित्र. आता लावायचं कुठं? भिंतींना नवा रंग दिलेला.

"या दारावर लावू ना," सर म्हणाले. "येताजाता दिसेल. आतून चिकटवतो काचेला, म्हणजे पोरं ओरबाडणार नाहीत."

"वा, सर! सगळ्यात मदतीला तुम्हीच पुढं," अध्यक्षसाहेब म्हणाले.

आणि माझ्यावर खळीचा गार हात फिरला. आतली खोली मला दिसेनाशी झाली. बाहेर मंडळी ओळीनं उभी राहिली, माझ्यापुढं फोटो काढला. नर्सबाईसुद्धा होत्या त्या फोटोत. मी ओरडत होते हो. अहो, मला बसवली कशाला आणि लावलंत काय! पण काचेचं ओरडणं ऐकतंय कोण?

त्या दिवसापासून लोक माझ्यापुढं थांबायचे, पोस्टर वाचायचे, मान डोलवायचे आणि पुढं जायचे. आत बघायचं कुणालाच सुचत नव्हतं.

कागदाआड मला फक्त ऐकू यायचं. कडी लागल्याचा आवाज. खाऊचा चुरचुरता कागद. "हे आपल्या दोघांतलंच हं, आईला सांगितलंस तर तिलाच वाईट वाटेल." खुर्ची सरकल्याचा आवाज. सोंगट्या मात्र वाजायच्या नाहीत. पुढचं मी सांगणार नाही. ते त्या पोरीचं आहे. ज्यांना सांगायचं त्यांना तिनं सांगितलं.

माझ्याएवढं एकटं जगात कुणी नाही, असं मला तेव्हा वाटायचं. मग कळलं, माझ्या पलीकडच्या अंगाला माझ्याहून एकटं कुणीतरी बसलंय.

एके दुपारी मला माझ्या खालच्या कोपऱ्यात गुदगुल्या झाल्या. इवलं बोट होतं. थुंकी लावून लावून कागद भिजवत होतं, नखानं खरवडत होतं. सर अजून यायचे होते. चिमूटभर कागद निघाला, मग आणखी थोडा. उजेडाची टिकली पडली माझ्यावर.

नेमक्या नर्सबाई तिथून चालल्या होत्या. त्यांनी ते बोट बघितलं आणि धाडकन दार उघडलं.

"काय गं ए! एवढ्या मेहनतीनं छापलेलं पोस्टर, आणि तू फाडतेस? हात नाही का जागेवर राहत?"

मुंगी भिंतीला चिकटली. हात पाठीमागे.

"बोल की! का फाडलंस?"

तोंडातल्या तोंडात आवाज आला, "तुम्हाला आतलं दिसत नव्हतं ना."

नर्सबाईंचा हात कडीवर तसाच राहिला. त्या हळूच खाली बसल्या. बाकावर नाही, जमिनीवर, पोरीच्या उंचीला. "चुकलं माझं," म्हणाल्या. "आता दिसतंय मला. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तरी मी इथून हलत नाही."

तेवढ्यात सर आले. "अरे, नर्सबाई! आज इकडं कुठं? पोरगी त्रास देतेय का?"

"नाही. आज वर्ग नाही तुमचा."

"का बरं?"

"मी म्हणते म्हणून."

नर्सबाई मुंगीला घेऊन निघाल्या. मुंगीनं त्यांच्या पिशवीचा बंद घट्ट धरला होता.

मग मंडळात कल्लोळ झाला. अध्यक्षसाहेब म्हणाले, "इतका भला माणूस! आधी आपल्यात बोलू, बाहेर बोभाटा नको." नर्सबाई म्हणाल्या, "बोभाटा नाही, तक्रार. मुलांसाठीच्या मदतीच्या फोनवर दुपारीच केली. तिची आई माझ्याशेजारी बसली होती." साहेब खाली बसले. मग उठले, या दाराशी आले आणि उरलेला कागद स्वतःच्या नखांनी काढू लागले. रडत होते, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

सर पुन्हा दिसले नाहीत. त्यांचं प्रकरण कोर्टात आहे, असं चहावाली मावशी सांगते.

आता या खोलीत खुर्च्या रचून ठेवतात. खळीचे पांढरे ओरखडे माझ्या अंगावर आहेत, आणि मला पुसायला फारसं कुणी येत नाही. बुद्धिबळ मोठ्या हॉलमध्ये चालतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तो माझ्या नजरेच्या टप्प्यात नाही. कान लावून असते मी.

कितीतरी दिवस मुंगी आलीच नाही. मग परवा सोंगट्यांच्या गलक्यातून एक आवाज आला, खणखणीत, "शह!" आणि कुणीतरी कुरकुरलं, "मुंगे, जरा दमानं खेळ की!"

ती पलीकडच्या दारानं येते, पलीकडच्या दारानं जाते. या बोळकांडीत पाऊल टाकत नाही. नकोच टाकू, बाळा. तू मला पुन्हा कधी बघितलं नाहीस तरी चालेल.

पण तुम्ही मोठी माणसं, तुम्ही बघा. माझ्यासारखी कुठल्या दारात दिसली, तर वाका आणि आत नजर टाका. माझ्यावर चांगल्यातलं चांगलं काही चिकटवायला आलात, तरी आधी आत कोण बसलंय ते बघून घ्या.