नवव्या भागातला आठवा केस

ताईने सिनेमा पाहिला, पूर्ण पाहिला, आणि संपल्यावर खुर्चीतून उठायला साफ नकार दिला. हे वाक्य चुकून आधी आलं. तुम्ही ते वाचलेलं नाही. ताई अजून घरीच आहे आणि सिनेमा बघणार नाही म्हणते आहे. तिथून सुरू करू.

सिनेमा ज्या मांगावरून काढलाय ती जपानी चित्रकथा तेवीस भागांची आहे. मुक्या झालेल्या घंटा दुरुस्त करत गावोगाव हिंडणारा एक माणूस आणि त्याचं बदक. बदक बोलतं, पण त्याच्या बोलण्याच्या फुग्यात कायम तीन टिंबं असतात. घंटावाल्याच्या डाव्या डोळ्यावर केसांची एक बट आहे. तो मान इकडे वळवो, तिकडे वळवो, मनोऱ्यावरून उलटा लटको, बट डोळ्यावरच. बटेत सात रेघा. तेवीस भाग, सात रेघा. फक्त नवव्या भागात, एकशेबाराव्या पानावर, स्वतःच्या आईच्या दारातली घंटा काही केल्या वाजत नाही म्हणून तो पायरीवर बसून राहतो, तिथे आठ आहेत.

या आठव्या रेघेवर चाहत्यांची भांडणं झाली आहेत. कोणी म्हणतं चित्रकाराचा हात हलला, कोणी म्हणतं शाई ओघळली. ताई बारा वर्षांची असताना तिने निकाल दिला होता की त्या दिवशी त्याने केस विंचरलेच नसणार, दुःखात कोण विंचरतं. हे तिने फक्त मला सांगितलं. मी नऊ वर्षांचा होतो. मी कोणाला सांगितलं नाही, कारण माझं ऐकून घेणारं कोणी नव्हतंच.

त्याच वर्षी आम्ही पहिल्या भागाच्या मागच्या पानावर शपथ लिहिली, की खरी माणसं घेऊन केलेला मांगाचा कुठलाही सिनेमा आम्ही मानणार नाही. मी ती पाळली. आजवर अकरा सिनेमे नाकारले, त्यातले दोन न बघताच. ताईने मात्र मोडली, आणि तीही कामावर.

ताई केसांचे टोप बनवते. तिच्या कारखान्यात लाकडी डोक्यांची रांग आहे, प्रत्येक डोक्यावर बारीक जाळी, आणि हुकाच्या सुईने त्या जाळीत एकेक केस गाठ मारून बसवायचा. बहुतेक टोप आजारपणात केस गेलेल्यांसाठी. एके दिवशी कारखान्याच्या उस्तादांनी तिच्यापुढे एक डोकं ठेवलं, शेजारी मांगातलं सात रेघांचं एक पान ठेवलं आणि म्हणाले, सिनेमाचं काम आहे, हा पोरगा केस का कापत नाही ते मला विचारू नकोस. नऊ आठवडे ती त्या डोक्यासमोर बसली. आईच्या मते तेवढ्यात तिने स्वतःच्या डोक्याला एकदाही तेल लावलं नाही.

सिनेमा लागला आणि ताईने हाय खाल्ली. आयुष्यभर जो माणूस मनात जपला त्याच्या डोक्यावर आपल्या हातची चूक मोठ्या पडद्यावर दिसली, तर मांगाही गेली आणि हातही गेला, असं तिचं म्हणणं. मोबाईलवर बघून उपयोग नव्हता, तिथे केस दिसत नाहीत. आणि शुक्रवारी सिनेमा उतरणार होता. म्हणून सोमवारी तिने मला बोलावलं.

"तू जाऊन ये," ती म्हणाली. "नावं ठेवण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. तू चालेल म्हणालास तर मी जाईन."

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून देतो. लोकांना नीट दिसावं म्हणून पगार घेतो, त्यामुळे माझी नेमणूक नियमाला धरून होती. मी वही घेतली, वर 'बारावा नकार' असं लिहिलं आणि थिएटरात जाऊन बसलो.

वही कोरी राहिली. मांगा काळीपांढरी, त्यामुळे घंटावाल्याचा कोट हिरवा की तपकिरी यावर आम्ही बहीणभाऊ अकरा वर्षं भांडलोय. सिनेमातला कोट इतका विटलेला आहे की आम्ही दोघंही बरोबर ठरतो. बदकाचं काय करणार अशी मला धास्ती होती. त्यांनी काहीच केलं नाही. बदक चोच उघडतं, तीनदा पापण्या मिटतं, चोच बंद करतं. मागच्या रांगेतला एक गृहस्थ तेवढ्यावर रडला. आणि घंटा वाजण्याआधीची शांतता, जी पुस्तकात आम्ही पान उलटता उलटता स्वतःच तयार करायचो, ती त्यांनी तशीच ठेवली होती. अख्ख्या थिएटरात एक माणूस खोकला, आणि तोही खिन्नपणे.

मग ती पायरी आली. तो बसला. बट डोळ्यावर. मी डोळ्यांत पाणी आणि तोंडात आकडे अशा अवस्थेत मोजत होतो. खात्री करायला मंगळवारी परत गेलो.

घरी येऊन ताईला सांगितलं, चांगला आहे. तिचा चेहराच उतरला.

"म्हणजे वाईट आहे," ती म्हणाली. "तू भाऊ म्हणून बोलतोयस."

अकरा नकारांची पुण्याई अशी अंगाशी आली. विश्वास बसावा म्हणून मी चुका काढू लागलो. तिसऱ्या मनोऱ्याला एक्केचाळीस पायऱ्या हव्यात, अडतीसच आहेत. बदक जरा जाड आहे. ताई टेबलावरचा कंगवा दाताने चावत ऐकत राहिली. ही दया आहे की टीका, ते तिला ठरवता येईना.

शेवटी मी म्हणालो, "नववा भाग. पायरीवर. आठ."

कंगवा खाली आला.

"मोजलेस?"

"दोनदा. आठवा जरा बाहेर सुटलेला आहे. न विंचरल्यासारखा."

मग तिने सांगितलं, की तेवढ्या प्रसंगासाठी तो एक केस तिने कोणाला न विचारता बसवला होता. चित्रीकरणाच्या वेळी टोप बसवायला ती तिथे गेली होती; एक बाई चिमटा घेऊन तो केस उपटायला आल्या, तेव्हा ही मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, त्याने आज केस विंचरलेले नाहीत. बाईंनी घंटावाल्याकडे पाहिलं, चिमटा खिशात घातला आणि निघून गेल्या.

गुरुवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघं आणि आई गेलो. पायरी आली तेव्हा ताईने माझं मनगट असं धरलं की त्या हाताने मी दुसऱ्या दिवशी काचा घासू शकलो नाही. आईला बदक आवडलं. घंटावाल्याबद्दल ती एवढंच म्हणाली, की डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो. ताईला एवढं पुरलं असतं.

पण दिवे लागले, दारं उघडली आणि उजेडात फिकी नावं भराभर वर सरकू लागली. केशरचना या मथळ्याखाली तीन नावं होती, आणि खाली 'व इतर'. दारावरचे काका झाडू घेऊन आले आणि सिनेमा संपल्याचं म्हणाले.

"संपला कसा," ताई खुर्चीचे दांडे धरून म्हणाली. "मी आत्ताच येऊन गेले. इतर म्हणजे मी."

काकांनी झाडू भिंतीला टेकवला, शेजारी बसले आणि पडदा पूर्ण काळा होईपर्यंत उठले नाहीत. मग त्यांनी विचारलं, तक्रार नोंदवायची का. मी वही उघडली, 'बारावा नकार' खोडलं आणि खालीलप्रमाणे लिहून दिलं.

प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : श्रेयनामावलीत दुरुस्ती करणेबाबत. महोदय, उपरोक्त चित्रपटातील 'व इतर' हे शब्द वगळून त्या जागी अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे नाव सर्व प्रतींमध्ये, सर्व देशांत, दिवे बंद असताना, वाचता येईल इतक्या वेळ दाखवण्यात यावे. आठव्या केसाचा समावेश कलाकारांच्या यादीत, बदकाच्या लगेच खाली, करण्यात यावा. हे तांत्रिक कारणाने शक्य नसल्यास संपूर्ण चित्रपट पहिल्यापासून पुन्हा चित्रित करण्यात यावा व केलेली कार्यवाही उद्या शुक्रवारी पहिल्या खेळापूर्वी अर्जदारास लेखी कळवावी, ही विनंती.