सातव्या ग्रीनच्या डाव्या कडेला

मी एक जुनी गोल्फची काठी आहे. खेळणारे मला वेज म्हणतात. हसू नका, खाण्यापिण्याशी माझा काही संबंध नाही. चेंडू वाळूत किंवा उंच गवतात रुतला की त्याला अलगद उचलायचं आणि भोकाजवळ नेऊन ठेवायचं, एवढंच माझं काम.

मित्रांनो, अशी गोष्ट जन्मापासून सांगायची असते. माझा जन्म साच्यात झाला, माझ्यासारख्याच शेकडो जणींबरोबर. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य एका मिनिटात अडकून पडलं आहे. ते मी तीनदा सांगणार आहे, कारण एकदा सांगून ते संपत नाही.

त्याआधी माझ्या धन्यांविषयी.

ते घड्याळं दुरुस्त करायचे. दोन माणसं उभी राहिली की भरून जाईल एवढंसं दुकान. प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चाळीस वर्षांत एकाचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात गेलं नाही. काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला ते सुईच्या टोकाने एक बारीक रेघ ओढत. हे घड्याळ किती वेळा उघडलं गेलं, ते पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. वर्षातून एकदा ते मला घासूनपुसून लख्ख करत आणि माझ्या मानेवरही तशीच एक रेघ ओढत. अकरा रेघा झाल्या होत्या. मुठीच्या रबरावर त्यांच्या अंगठ्याची खळगी पडली होती.

रविवारी सकाळी त्यांचे सोबती म्हणत, "घड्याळजी, तुमचा चेंडू वाळूत गेला की आमच्या पोटात गोळा येतो. तिथूनच तुम्ही आम्हाला हरवता!"

"मी कुठला, ही बाई हरवते," असं म्हणून ते मला थोपटत. मित्रांनो, मला तेव्हा फार बरं वाटायचं.

घरी आमची पिशवी दाराच्या मागे उभी असे. तिथून मला सगळं ऐकू येई.

"बाबा, काल दुकानाला कुलूपच लावलं नाहीत तुम्ही. शेजारच्या काकू सांगत होत्या."

"काकूंना दुसरा उद्योग नाही."

"आणि परवा दूध उतू गेलं ते?" लेकीचा आवाज खाली आला. "अजून एकदा असं झालं ना बाबा, तर दुकानाची किल्ली माझ्याकडे द्यायची. लोकांच्या वस्तू असतात तिथे. कबूल?"

"कबूल. पण अजून एकदा म्हणजे एकदाच हं. मोजून."

दोघंही हसले. मीही हसले असते.

*मिनिट, पहिल्यांदा.*

भोकाभोवती गालिच्यासारखी कापलेली हिरवळ असते. तिला ग्रीन म्हणतात. तिथे पोचताना खेळणाऱ्याच्या हातात दोन काठ्या असतात. मला वापरून चेंडू ग्रीनवर आणायचा, मग मला कडेला गवतावर ठेवायचं आणि दुसरीने चेंडू भोकात ढकलायचा. चेंडू आत पडला की माणसं खूश होतात, हात मिळवतात आणि एकच काठी घेऊन चालू लागतात. तरणीताठी माणसंसुद्धा हे विसरतात. अख्ख्या मैदानात सगळ्यात जास्त हरवतो त्या आम्हीच.

धन्यांनी मला सातव्या ग्रीनच्या डाव्या कडेला ठेवलं, पाण्याच्या नळाशी, तोंड खाली करून. चेंडू भोकात पडला. सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. ते गेले.

*मिनिट, दुसऱ्यांदा.*

मागून दाताचे डॉक्टर एकटेच खेळत आले. त्या मैदानावर एक रीत होती. झुडपात सापडलेला चेंडू ज्याला सापडला त्याचा. काठी मात्र त्याच दिवशी मैदानाच्या दाराशी असलेल्या चौकीवर द्यायची. तिथे बसणारी मावशी ती बाहेरच्या खुंटीला टांगून ठेवी. डॉक्टरांना हे माहीत होतं. त्यांनी मला उचललं ते चौकीवर द्यायलाच. एवढं खरं सांगितलं पाहिजे.

पण त्यांचा चेंडू समोरच होता. त्यांनी सहज एकदा मारून पाहिला. चेंडू वर गेला, उतरला आणि भोकापासून वीतभर अंतरावर थांबला.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मागे पाहिलं. पुढे पाहिलं. कोणी नव्हतं.

मग मी त्यांच्या पिशवीत होते.

*मिनिट, तिसऱ्यांदा.*

या वेळी मी तिथे नाही. हे मला पुढे मावशीच्या तोंडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बाबांना घेऊन मैदानावर आली. खुंट्या रिकाम्या होत्या. ते सरळ सातव्या ग्रीनवर गेले आणि नळापाशी उभे राहिले.

"इथे. तोंड खाली करून."

"बाबा, नीट आठवा ना."

"त्यात आठवायचं काय? इथेच ठेवली."

"पण इथे नाहीये ना बाबा."

त्यांनी वाकून गवतावरून हात फिरवला. मग त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि तिथेच, नळापाशी, लेकीच्या हातावर ठेवली.

त्या वेळी मी कुठे होते? डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत. अंधार. पेट्रोलचा वास. एक छत्री. मी ओरडत होते, नळाशीच होते हो, माझ्या धन्यांना कळवा. छत्रीने ऐकलं असेल.

डॉक्टरांच्या बायकोने एकदा डिकी उघडली. "ही कोणाची?"

"सापडली."

"मग देऊन टाका ना."

"रविवारी देतो. बघू, कोणी विचारतंय का."

रविवार आला. कोणी विचारतंय का, हे डॉक्टरांनी कोणालाच विचारलं नाही. चौथ्या रविवारनंतर त्यांनी सुरीने माझी मूठ उभी कापली. खळगी पडलेलं ते रबर सालासारखं सोलून निघालं आणि केराच्या बादलीत गेलं. नवी मूठ चढली, काळी, गुळगुळीत.

तरीही, मित्रांनो, काहीतरी राहिलं. मला पकडलं की डॉक्टरांचा अंगठा आपोआप किंचित डावीकडे सरके, जिथे आता खळगी नव्हती तिथे. ते अंगठा जागेवर आणत, तो पुन्हा सरके. एकदा त्यांनी मला हातातून टाकलंच. "कोणीतरी माझ्याबरोबर धरतंय," ते बायकोला म्हणाले.

"दवाखान्यात फार वेळ उभे राहता तुम्ही," ती म्हणाली.

मला ठाऊक होतं, कोण धरतंय ते. मेलेला माणूस नव्हता तो. शहराच्या दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी बसलेला जिवंत माणूस होता आणि स्वतःच्या डोक्यात एक एक खण उघडून मला शोधत होता.

मग एके दिवशी धनी मैदानावर आले. खेळायला नाही, सोबत्यांचा निरोप घ्यायला. लेकीने हात धरला होता. डॉक्टर बाकावर बसून मला पुसत होते. धनी थांबले.

"जरा बघू?"

"माझीच आहे काका, जुनी," डॉक्टर म्हणाले. फार घाईने म्हणाले.

धन्यांचं बोट माझ्या मानेपर्यंत आलं. अजून बोटभर पुढे आलं असतं तर अकरा रेघा लागल्या असत्या.

"बाबा, चला. लोकांच्या वस्तूंना हात नका लावू."

बोट मागे गेलं. "माफ करा हं," ते डॉक्टरांना म्हणाले. "हल्ली मला सगळंच माझं वाटतं."

ते गेल्यावर डॉक्टर चौकीवर आले. मी त्यांच्या हातात होते. "कोण हे काका?" त्यांनी विचारलं. मावशीने त्यांना सगळं सांगितलं, नळ, गवत, किल्ली. "त्या एका काठीपायी दुकान बंद केलं हो. म्हणे, माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. काय झालं डॉक्टर? बसा. पाणी देऊ?"

त्याच दुपारी डॉक्टर मला घेऊन धन्यांच्या घरी गेले. लेकीने दार उघडलं. धनी खिडकीपाशी होते. भिंतीवरची घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत होती.

"काका, ही तुमची काठी आहे. सातव्या ग्रीनच्या डाव्या कडेला होती, नळाशी, तोंड खाली. तुम्ही म्हणालात तिथेच. मी उचलली आणि दिली नाही. चूक माझी आहे. तुमची आठवण पक्की आहे, काका."

लेकीने तोंडावर हात ठेवला. तिला कळलं होतं.

धन्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग लेकीकडे, आणि ते हसले. इतकं मऊ हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"हिने सांगितलं वाटतं तुम्हाला असं बोलायला? चांगले आहात तुम्ही. म्हाताऱ्याचं मन राखायला इतक्या लांब आलात."

"नाही काका, खरंच..."

"बाबा, ते खरं सांगतायत. ही घ्या किल्ली. उद्या दुकान उघडू आपण."

"नको गं. लोकांच्या वस्तू असतात तिथे." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "आणि ही काठी यांची आहे. बाकावर बसून पुसत होते ना, मी पाहिलंय. मला आठवतंय."

मित्रांनो, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

म्हणून हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी. रस्त्यात, वर्गात, मैदानात काही सापडलं तर ते चांगलं आहे की साधं, हे बघत बसू नका. त्याच दिवशी ओरडून विचारा, कोणाचं आहे हे? रविवारची वाट बघू नका. तुमच्या हातात पेन असेल, चेंडू असेल, छत्री असेल. पण त्याच वेळी कुठेतरी कोणीतरी एका जागेकडे बोट दाखवून म्हणत असेल, इथेच ठेवलं होतं. तुम्ही गप्प राहिलात तर घरचेच त्याला सांगतील, नीट आठव. आणि तो नीट आठवेल, पुन्हा पुन्हा आठवेल, शेवटी त्याचा स्वतःवरचा विश्वास उडेपर्यंत.